आतली कडी

कुसुमकाकू गोड बोलल्या आणि मुक्ताई सावध झाली. "उठलीस का गं बाळ? चहा ठेवते हं, आल्याचा. बस तू निवांत." एवढंच. दुसऱ्या एखाद्या घरात हे वाक्य दुधाच्या पिशवीबरोबर आत आलं असतं आणि कुणी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नसतं. पण सदाशिव पेठेतल्या या तिसऱ्या मजल्यावर कुसुमकाकूंनी मुक्ताईला कधी बाळ म्हटलेलं नव्हतं. काकू बँकेतून निवृत्त झाल्या होत्या, तरी समोरच्याशी बोलताना मध्ये काउंटरची काच आहे असं समजूनच बोलायच्या. "आंघोळीला गेली होतीस की कुंभमेळ्याला?" "पंखा चालू ठेवून गेलीस, भिंतींना उकडत होतं वाटतं." "अगं, चप्पल काढून ठेवतात, भिरकावत नाहीत; ही थाळीफेक नव्हे." मेहकरहून शिकायला येऊन काकूंकडे भाड्यानं राहायला लागली तेव्हा सुरुवातीला मुक्ताई पांघरुणात तोंड खुपसून रडली होती. मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं की काकू असं फक्त घरच्यांशी बोलतात. अमेरिकेतल्या मुलाशी फोनवर तर याहून तिखट. टोमणा नाही म्हणजे समोरचा माणूस त्यांच्या लेखी एक तर पाहुणा, नाही तर आजारी. आणि मुक्ताई काही पाहुणी नव्हती.

तिनं चहा घेतला. आलं खरोखरच घातलेलं होतं. काकू समोर बसून तिच्याकडे बघत होत्या, उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तशा. पोह्यांसाठी कांदा घ्यावा म्हणून ती ओट्याशी गेली, तर सुरी जागेवर नव्हती. "सुरी कुठंय काकू?" "दे इकडे तो कांदा, मी देते चिरून." "अहो, मी चिरते ना, रोज चिरते." "कशाला उगाच. तुझं आज कॉलेजात काहीतरी आहे ना?" कांदा हातातून गेला. चिरण्याचा आवाज मात्र आतल्या खोलीतून आला. म्हणजे सुरी आता काकूंच्या खोलीत राहायला गेली होती. मुक्ताई टॉवेल घेऊन न्हाणीघरात शिरली, दार लावलं, सवयीनं हात वर नेला, आणि बोटं नुसत्याच लाकडावर फिरली. कडी नव्हती. कडीच्या जागी रंग न लागलेला एक लांबट फिका चौकोन, आणि स्क्रूची भोकं. "काकू, इथली कडी?" "ढिली झाली होती गं, काढून ठेवलीय," बाहेरून आवाज आला, अगदी दाराला लागून. "आणि आत कोण येतंय? आपण दोघीच तर आहोत."

तिनं बादली पाण्यानं काठोकाठ भरली आणि ढकलत ढकलत दाराला टेकवली. मग त्याच बादलीतलं पाणी अंगावर घ्यायचं, म्हणजे प्रत्येक तांब्यागणिक दार हलकं होणार, हे लक्षात आल्यावर तिला एकदम हसू फुटलं. आणि हसण्याच्या आवाजानं बाहेरच्या सपाता थबकल्या, म्हणून तिनं हसू गिळलं. ती उभ्या उभ्याच, पाठीनं दार धरून, नळाखाली एक एक हात धुवत राहिली. "मुक्ता, झालं का गं?" "हो काकू." थोडं पाणी. "ठीक आहेस ना?" "हो काकू." माणूस ठीक आहे असं इतक्या वेळा म्हणाला की त्याची त्यालाच शंका यायला लागते. कुणीतरी सांगितलं होतं. त्याशिवाय सुरी उठून जात नाही, कडी निघत नाही आणि काकू गोड होत नाहीत. कोणी सांगितलं, यापेक्षाही पुढचा विचार तिच्या डोक्यात जास्त जोरात आपटला: काकूंना कळलं म्हणजे घरी कळणार. काकूंकडे मायचा नंबर होता. आणि घरी कळायचं ते मुक्ताईच्या तोंडून कळायला हवं होतं, तिनं ठरवलेल्या दिवशी, तिनं ठरवलेल्या शब्दांत. नाही तर धाकट्या आत्यासारखं होणार.

धाकटी आत्या मुक्ताईच्या लहानपणी मागच्या खोलीत राहायची. त्या खोलीची कडी बाहेरून होती. घरात कुणी दुष्ट नव्हतं, हीच त्यातली अडचण होती. दुष्ट असते तर आत्यानं शिव्या तरी दिल्या असत्या. पप्पा तिला दर पोळ्याला नवं लुगडं आणायचे, माय तिच्या ताटात तूप जास्त वाढायची. पण आत्याला काय होतंय हे आत्यानं सांगायच्या आधीच एका पाहुण्यानं पप्पांना सांगून टाकलं होतं, विहिरीपाशी एकटी बोलताना पाहिली म्हणून, आणि त्या दिवसापासून आत्याचं म्हणणं ऐकायची कुणाला गरजच उरली नव्हती. तिच्याबद्दलचं सगळं आधीच माहीत होतं ना. तिला ताप आला तर तो तिच्या डोक्याचा, तिचं पोट दुखलं तर तेही डोक्याचंच. छोटी मुक्ताई दाराच्या फटीतून तिला चिंचा द्यायची. आत्या चिंचेचं टोक आत ओढून घ्यायची आणि म्हणायची, "आंबट हाय वं. सांग तुह्या मायले, चिंच आंबट हाय म्हनते, येडी नाई म्हना." मुक्ताई धावत जाऊन सांगायची, आणि स्वयंपाकघरातल्या बाया हसायच्या. हसणं वाईट नव्हतं, मायेचंच होतं. आत्या गेली तेव्हा सगळ्यात जास्त पप्पा रडले.

म्हणून गेल्या हिवाळ्यात झोप उडाली, वर्गात बसल्या बसल्या समोरच्या फळ्यावरचं वनस्पतिशास्त्र पाण्याखाली गेल्यासारखं दिसायला लागलं आणि टिळक रस्त्यावर सिग्नल हिरवा होऊनही पाय उचलायचं कारण सापडेना, तेव्हा मुक्ताईनं ते कुणालाच सांगितलं नाही. ऋचानं ओळखलं. ऋचा वर्गातली, नारायण पेठेतली, पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातली. कुठल्याही खिडकीपुढं जाऊन "अहो, जरा ऐकता का" म्हणायला न कचरणारी. तिनंच स्कूटरवर घालून डॉक्टरांकडे नेलं. दवाखाना जवळच होता, पायऱ्या अरुंद. डॉक्टर चांगले होते, पण पहिल्या भेटीत ते सगळं ऋचालाच सांगत राहिले. हिला रात्री एक द्या, हिला एकटं सोडू नका. मुक्ताई भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडे बघत बसली, त्यातल्या गुलाबी भागाचं नाव वाचत. मग ऋचाच तिला शनिवारच्या गटात घेऊन गेली. एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये, सतरंजीवर, दहाबारा पोरं-पोरी आणि आमोददादा. आमोददादा वकिलीचं शिकलेला, कधीकाळी स्वतःही अशाच गोळ्यांवर असलेला. तो कायदा शिकवायचा पण पुस्तक उघडायचा नाही. "बोला मोठ्यानं. या गोळीनं काय होतं? किती दिवस? नाही घेतली तर काय? एवढं विचारायला धाडस लागतं म्हणजे बघा आपण किती शिकलेले." मग नाटक करायचं. ऋचा डॉक्टर व्हायची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मुक्ताई पेशंट. पहिल्या वेळी मुक्ताईच्या तोंडून शब्दच फुटेना, नुसतं हसू, दुसऱ्या वेळी आवाज फाटला, तिसऱ्या वेळी तिनं असं विचारलं की ऋचाच गांगरली, "अगं, मला काय माहीत, मी खरी डॉक्टर आहे का?" आणि सगळा हॉल लोळला. पुढच्या आठवड्यात खऱ्या डॉक्टरांसमोर तिनं तेच विचारलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदा तिच्याकडे तोंड करून उत्तर दिलं. खाली उतरताना तिला पायऱ्या रुंद वाटल्या. गोळ्यांचा गुण होता की त्या पेन खाली ठेवण्याचा, हे तिला अजून ठरवता आलं नव्हतं.

गटात बोललेलं गटातच राहतं, हा पहिला नियम होता. आणि एका शनिवारी आमोददादानं सांगितलं होतं की कायद्यानं प्रत्येकाला आधीच ठरवता येतं, उद्या आपल्याला बोलता आलं नाही तर आपल्या वतीनं कोण बोलेल ते. नातं लागत नाही. आई-बापच हवेत असं नाही. आणि मन बदललं तर नाव बदलता येतं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले, लग्नाच्या पंगतीत कुणाशेजारी बसावं हे ठरवताना बघतात तसे. मुक्ताईला विचार करावा लागला नाही. "ऋचा," ती म्हणाली. ऋचा रडली, तिला गच्च मिठी मारून. तिच्या केसांना शिकेकाईचा वास होता. मुक्ताईला वाटलं होतं, बहीण म्हणून आपल्याला जे मिळालं नाही ते हे असणार.

रस्त्यावर आल्यावर तो वास तिला आठवला आणि तिनं चाल वाढवली. सकाळची पेठ नेहमीसारखी आपापल्या घाईत होती, क्लासला निघालेली पोरं, फुलपुड्या, दुकानाच्या पायरीवर पाणी शिंपडणारे हात. मुक्ताई एकेकाला मनातल्या मनात उभं करून विचारत चालली होती. डॉक्टर? त्यांना काकू माहीतही नाहीत. आमोददादा? त्यानं सांगितलं असेल तर पुण्यात विश्वास ठेवायला मग कोणीच उरत नाही. सबंध गट तिनं असा तपासून पाहिला, प्रत्येकाला सोडून दिलं, आणि ज्या नावापाशी सगळ्यात आधी जायला हवं होतं त्या नावाला वळसे घालत राहिली. अमृततुल्य चहाच्या दुकानातल्या बाकड्यावर ऋचा आधीच येऊन बसली होती. मांडीवर आजच्या बैठकीचे मुद्दे, दोन कप मागवलेले. आज कॉलेजच्या प्राचार्यांपुढं गटाला बोलायचं होतं. नवा नियम येऊ घातला होता: समुपदेशकाकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या पालकांना त्याच दिवशी कळवायचं. गटाचं म्हणणं इतकंच, की आधी त्या मुलाला विचारा. बोलायचं मुक्ताईनं, हे सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं.

"काकूंनी न्हाणीघराची कडी काढली," मुक्ताई उभ्यानंच म्हणाली.

ऋचाचा चेहरा पडला. खोटं बोलणं तिला कधी जमायचं नाही. "आज काढली? अगं, मी आईला म्हटलं होतं की आज नको, आज तिचं बोलणं आहे."

म्हणजे विचारायचं काही राहिलं नाही. मुक्ताई बसली. कप गरम होता, तो तिनं दोन्ही हातांनी धरला.

"ऐकून तरी घे ना. त्या रविवारी तू दिवसभर फोन उचलला नाहीस. मी किती घाबरले होते, यार. मी कुणालाही नाही सांगितलं, शप्पथ. फक्त आईला सांगितलं."

"फक्त आईला."

"आईला सांगणं म्हणजे काय सांगणं असतं का गं? आई आहे ती. मी तिला सगळंच सांगते."

त्या रविवारी मुक्ताई फोन बंद करून झोपली होती. महिन्याभरानं आलेली पहिली सलग झोप. ते सांगायची आता इच्छा होईना. "आणि आईनं?"

"आईची ओळख ना तुझ्या खोलीसाठी. आमच्या ओळखीची मुलगी आहे, ठेवून घ्या, असं तिनंच सांगितलेलं कुसुमकाकूंना. मग तिला वाटलं, उद्या काही झालं तर काकूंना काय तोंड दाखवायचं? त्या योगासनाला एकत्र असतात. शेजारीच चटई."

"योगासनाच्या वर्गात सांगितलं?"

ऋचानं मांडीवरचे कागद सारखे केले. मग अगदी हळू म्हणाली, "शवासनात."

इतर कुठल्याही दिवशी दोघी हसून हसून बाकड्यावरून पडल्या असत्या. मुक्ताईला ते दृश्य स्पष्ट दिसलं: मिटलेले डोळे, सैल सोडलेले हातपाय, आणि एका चटईवरून दुसरीकडे सरकत गेलेलं तिचं नाव. आत्याबद्दल पप्पांना सांगणाऱ्या पाहुण्यानंही काळजीनंच सांगितलं असणार. पेठेत खोली ओळखीवर मिळते, पैसे नंतर. ओळख देणाऱ्याचा भाडेकरूच्या जिवावर थोडा हक्क असतो, हे इथं कुणी बोलून दाखवत नाही, कारण कुणाला त्यात बोलण्यासारखं काही वाटतच नाही. ते मुक्ताईला आज कळत होतं. आणि जिला ती बहीण समजत होती, तीही त्या ओळखीच्या आतच जन्मली होती, तिला भिंत दिसणार कशी.

"घरी?" तिनं विचारलं.

"काकू आज करणारेत फोन तुझ्या आईला. दुपारची झोप झाल्यावर." ऋचानं तिचा हात धरला. "मी तुला बैठक झाल्यावर सांगणारच होते. आत्ता सांगितलं असतं तर तू डिस्टर्ब झाली असतीस. आणि तू फार छान बोलतेस, मुक्ता. तुझ्याशिवाय कोण बोलणार?"

मुक्ताईनं हात सोडवून घेतला. जोरानं नाही. चहा तसाच राहिला. हिनं ठरवलं होतं, कधी काय कळलं की मुक्ताई कशी होईल. आधी वापरायची, मग सांगायची. तेही प्रेमानंच. 'डिस्टर्ब' हा शब्द गटानं कुणाबद्दलही वापरायचा नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, आणि तो ठराव ऋचानंच मांडला होता.

प्राचार्यांच्या खोलीत गार हवा होती. प्राचार्य, एक वयस्कर बाई प्राध्यापक, आमोददादा, गटातले चौघं, आणि मुक्ताईशेजारी वही उघडून ऋचा. टिपणं तीच घेणार होती. प्राचार्य सज्जन होते. घसा खाकरून म्हणाले, "पालकांना कळवायचं ते काळजीपोटीच. काळजीनं कुणाचं नुकसान होतं, असं एक तरी उदाहरण द्या. पुस्तकी नको."

उदाहरण तयार होतं. 'एक विद्यार्थिनी' असं म्हणून सांगायचं, नाव-गाव बदलून, सगळ्यांनी मिळून रचलेलं. मुक्ताईनं तोंड उघडलं आणि ती रचलेली विद्यार्थिनी तिला आठवेचना. आठवली ती पाण्याची बादली. "सर, आज सकाळी माझ्या न्हाणीघराची कडी काढून टाकली होती," ती म्हणाली. आमोददादानं एकदम मान वर केली. ती सांगत गेली. आवाज फाटला नाही. गोळ्या आहेत, झोप परत आलीय, गेल्या सत्रात सगळे विषय सुटले, आणि आज दाराला पाठ लावून नळाखाली हात धुतले. "कडी काढायच्या आधी मला कुणी विचारलं नाही की मी कशी आहे. विचारलं असतं तर सांगितलं असतं. आता मी बरी आहे म्हटलं तरी ते आजारातच मोडणार."

बाई प्राध्यापकांनी चष्मा काढला. प्राचार्यांनी सवयीनं आमोददादाकडे बघून विचारलं, "हिच्या घरी माहीत आहे का हे?"

"सर, मी इथं आहे," मुक्ताई म्हणाली.

"हो, हो. सॉरी. घरी माहीत आहे का तुझ्या?"

"नाही. मी सांगणार होते. परीक्षा झाल्यावर, मायजवळ बसून. आता घाईनं सांगावं लागेल."

"पण मग बाहेर कळवलं कुणी? कॉलेजनं तर नाही?" प्राचार्यांच्या स्वरात सुटका होती.

"नाही सर. माझ्याच माणसानं."

"म्हणजे कोण?"

शेजारी ऋचाचं पेन थांबलं. मुक्ताईला ते ऐकू आलं. कागदावरची ती बारीक खसखस बंद झाल्यावर केवढी मोठी जागा रिकामी झाली. नाव जिभेवर होतं. ते घेतलं असतं तर सकाळपासून छातीत अडकलेलं काहीतरी नक्कीच खाली उतरलं असतं, आणि तिला ते हवंही होतं. अगदी मनापासून हवं होतं, ऋचाच्या कानशिलांवर लाली चढताना बघायची होती. "ते मी नाही सांगणार," ती म्हणाली. "ती गोष्ट त्या माणसाची आहे. सांगायची असेल तर त्यानं सांगावी."

तिनं ऋचासाठी जागा सोडली होती. हे ऋचाला कळलं, आमोददादाला कळलं, कदाचित त्या बाईंनाही कळलं असावं. पंखा फिरत होता. कुणीतरी खुर्ची सरकवली. आणि मग पुन्हा ती बारीक खसखस सुरू झाली. ऋचा मान खाली घालून, सुवाच्य अक्षरात, पुढचं वाक्य लिहीत होती. मुक्ताईनं तिरक्या नजरेनं वाचलं: एका विद्यार्थिनीनं आपला अनुभव मांडला.

या सत्रापुरता नियम लागू करणार नाही, पुढचं समितीत बघू, असं प्राचार्य म्हणाले. गटातल्या पोरांनी बाहेर येऊन एकमेकांच्या पाठी थोपटल्या. आमोददादा मुक्ताईपाशी येऊन नुसता उभा राहिला. काही विचारलं नाही, याबद्दल तिला त्याचे पाय धरावेसे वाटले. ऋचा स्कूटर घेऊन आली, डोळे सुजलेले. "चल ना, सोडते. आपण बोलू या ना नीट."

"मी चालत जाईन."

"मुक्ता, मला बोलताच आलं नाही गं तिथं. खरंच. शब्दच फुटेना."

मुक्ताईनं तिच्याकडे पाहिलं. शब्द न फुटणं म्हणजे काय हे तिच्याहून जास्त कुणाला माहीत होतं? तरीही आत काहीच हललं नाही. "असू दे," ती म्हणाली. हे क्षमा केल्यावर म्हणतात तसलं असू दे नव्हतं. ऋचालाही ते कळलं असणार, कारण तिनं हेल्मेट घातलं आणि काच खाली ओढली.

ऊन वर आलं होतं. दुकानांची शटरं अर्धी उतरत होती, पेठ जेवून सुस्तावत होती. काकूही आता पदर डोळ्यांवर घेऊन आडव्या झाल्या असतील. त्या उठायच्या आत. मुक्ताई एका बंद क्लासच्या जिन्यात शिरली, पायरीवर बसली, फोन काढला. हे असं नव्हतं व्हायचं. पेपर संपल्यावर, रात्रीच्या गाडीनं जाऊन, सकाळी चुलीपाशी मायच्या शेजारी बसायचं, तिच्या हातातली भाजी ओढून घेऊन निवडायची आणि भाजीकडे बघत बघत सांगायचं, असं तिनं कितीदा मनात घोळवलं होतं. पहिलं वाक्य कुठलं, मायनं डोळे पुसले तर पुढचं कुठलं. ती वाक्यं महिनोन् महिने सांभाळली होती. त्यातलं एकही या जिन्यात चालणार नव्हतं. लोकांना कळलं याचं तिला आता तितकं काही वाटत नव्हतं. तिची सांगायची सकाळ कुणीतरी खर्च करून टाकली होती, आणि ती परत आणून देणं ऋचाच्याही हातात नव्हतं.

रिंग गेली. पलीकडे टीव्हीचा आवाज, कुकरची शिट्टी, मग मायचा श्वास. धावत आली होती.

"का वं, आज दुपारचाच फोन केला? कॉलेज नाई का तुले?"

"आहे. माय, पप्पा घरी आहेत?"

"वावरात गेले. काऊन? काय झालं वं?"

"काही झालं नाही. तुलेच सांगायचं हाय. दुसरं कोणी सांगायच्या आधी." तिचा आवाज कितीतरी दिवसांनी मेहकरचा झाला होता. "टीव्ही बंद कर आधी. आणि बस. बसली का?"

"थांब." टीव्ही बंद झाला. फरशीवरून स्टूल ओढल्याचा आवाज आला. मग मायच्या बांगड्या वाजल्या, आणि थांबल्या.

"बसली. बोल."